पत्राची वाट पाहू नका



गेल्या महिन्यात ठाण्याहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. वय ७९. म्हणाली, "अगं, डॉक्टर म्हणतात काचबिंदू वाढलाय. पण माझा बिंदू तर दहा वर्षांपूर्वीच काढला होता ना? परत कसा उगवला?"

तिचा मोतीबिंदू काढला होता. काचबिंदू वेगळा. आपल्या भाषेत दोघांनाही 'बिंदू' म्हणतात, म्हणून हा घोटाळा घरोघरी होतो. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते काढून नवीन बसवलं की पुन्हा लख्ख दिसतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे तंतू हळूहळू मरतात, बहुतेक वेळा डोळ्यातल्या पाण्याचा दाब त्या नसेला सोसत नाही म्हणून. मेलेला तंतू परत जिवंत होत नाही. थेंब, लेसर, ऑपरेशन हे सगळं उरलेली नजर राखण्यासाठी असतं, गेलेली परत आणण्यासाठी नाही. हे एकदा नीट समजलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: एकाचा काचबिंदू वीस वर्षं जागच्या जागी राहतो आणि दुसऱ्याची नजर पाच वर्षांत जाते, ते का?

या प्रश्नाचं उत्तर मी पुस्तकातून शिकले होते. जे. जे.त नर्सिंग केलं, पन्नास वर्षांपूर्वी इंग्लंडला आले, छत्तीस वर्षं इथल्या वॉर्डांत काढली. तरी ते उत्तर मला खरं कळलं ते माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, मेडनहेडला.

आमच्या ह्यांना वयाच्या ६६ व्या वर्षी काचबिंदू निघाला. हाय स्ट्रीटवरच्या ऑप्टिशियनकडे चष्म्याचा नंबर बदलायला गेले होते, तिथल्या मुलीने नस पाहिली आणि हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. दुखणं नाही, लाली नाही, काहीच नाही. रात्रीचे थेंब सुरू झाले. वर्षं गेली. फोनवरची बारीक अक्षरं हे चष्मा लावून घडाघडा वाचत, त्यामुळे मी निश्चिंत. फक्त डाव्या हाताला ठेवलेला चहाचा कप महिन्यातून एक-दोनदा सांडायचा, आणि मी म्हणायचे, "अहो, लक्ष कुठे असतं तुमचं?"

लक्ष जागेवरच होतं. डाव्या बाजूचं दिसत नव्हतं.

काचबिंदूत मधली नजर सहसा शेवटपर्यंत टिकते. आधी बाजूची जाते, आणि तिथे काळा डाग दिसत नाही, कारण मेंदू आजूबाजूचा रंग घेऊन ती रिकामी जागा भरून टाकतो. शिवाय एका डोळ्याचं न्यून दुसरा डोळा झाकतो. म्हणून "मला तर सगळं दिसतं" हे वाक्य काचबिंदूच्या माणसाने म्हटलं तर त्यावर विसंबू नये. जिन्याची शेवटची पायरी चुकणं, फुटपाथच्या कडेला ठेचकाळणं, वाचताना पुढची ओळ हरवणं, बाजूने आलेल्या माणसाने दचकणं, यावर घरच्यांनी लक्ष ठेवावं. मी ठेवलं नाही. वॉर्डातल्या तीस पेशंटांवर नजर ठेवणारी मी, आणि घरातल्या एका माणसावर चिडत बसले.

आता धोक्याच्या गोष्टींकडे येते. स्वीडनमध्ये माल्मो आणि हेलसिंगबोर्ग या गावांत १९९३ पासून २५५ रुग्णांना घेऊन एक मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना लगेच उपचार दिले, निम्म्यांवर नुसतं लक्ष ठेवलं. २००२ साली निकाल आला. डोळ्याचा दाब प्रत्येक एका अंकाने कमी झाला की रोग पुढे जाण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात दिसलं. एक अंक! आपण म्हणतो, १९ काय आणि १७ काय, सारखंच. सारखं नाही. ज्यांचा रोग जास्त पुढे गेला त्यांच्यात काय होतं तेही त्यांनी पाहिलं: सुरुवातीचा दाब जास्त, वय जास्त, दोन्ही डोळ्यांत रोग, आधीच झालेलं नुकसान मोठं, आणि नसेच्या तोंडाशी वारंवार होणारे बारीक रक्तस्राव. हे रक्तस्राव आपल्याला जाणवत नाहीत, ते तपासणाऱ्यालाच दिसतात. पुढे त्याच रुग्णांच्या अभ्यासात पातळ कॉर्निया आणि कमी रक्तदाब याही गोष्टी जोडल्या गेल्या.

पातळ कॉर्नियाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ते आपल्याकडचं आहे. कॉर्निया म्हणजे बुबुळासमोरची पारदर्शक काच. दाब मोजणारं यंत्र तीच दाबून पाहतं. काच पातळ असेल तर ती सहज दबते आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. नागपूरच्या आसपासच्या खेड्यांत काही वर्षांपूर्वी चार हजारांहून अधिक माणसांचे डोळे तपासले, तेव्हा कॉर्नियाची जाडी सरासरी ५१४ मायक्रॉन निघाली. गोऱ्या लोकांत ती ५४० च्या आसपास धरतात. म्हणजे इथल्या दवाखान्यात "तुमचा दाब १८, उत्तम" असं ऐकलं तर एकदा विचारा, माझ्या कॉर्नियाची जाडी मोजली आहे का? आणि दाब 'नॉर्मल' असूनही काचबिंदू होतो आणि वाढतो, हेही लक्षात असू द्या.

वय बदलता येत नाही, कॉर्निया बदलता येत नाही, आईवडिलांकडून आलेलं रक्त बदलता येत नाही. म्हणून काही जण हात टेकतात. परवा एका समारंभात एक गृहस्थ मला म्हणाले, "बाई, आता ऐंशी झाली, जेवढं दिसतं तेवढं पुरे." मला हे पटत नाही, आणि मी त्यांना तिथेच सांगितलं. ऐंशीला नजर गेलेला माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं, आणि मग 'पुरे' म्हणायलाही उसंत मिळत नाही. वय जास्त म्हणजे धोका जास्त, मग काळजी कमी कशी?

आणि जे बदलता येतं ते खरंच उपयोगी पडतं. ब्रिटनमध्येच ५१६ नव्या रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१५ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना रात्रीचा लॅटॅनोप्रोस्टचा थेंब, निम्म्यांना औषध नसलेला थेंब. दोन वर्षांत बिनऔषधवाल्यांपैकी शंभरात जवळजवळ २६ जणांची नजर आणखी गेली, औषधवाल्यांपैकी १५ जणांची. साध्या एका थेंबाने एवढा फरक. पण तो थेंब डोळ्यात पडला तर!

आमच्या घरी पडत नव्हता. मी हे दोन वर्षांपूर्वी पाहिलं, तेही योगायोगाने. रात्री नऊला हे आरशासमोर उभे, मान वर, बाटली धरलेला हात संधिवाताने थरथरतोय. पहिला थेंब पापणीवर, दुसरा गालावर. टॉवेलने गाल पुसला, बाटलीला टोपण लावलं, झालं. मी विचारलं, "अहो, रोज असंच?" म्हणाले, "थोडं तरी जात असेलच की आत." किती वर्षं? त्यांनाही ठाऊक नाही. डॉक्टर दर वेळी विचारायचे, थेंब नियमित घेता का? हे म्हणायचे, हो. आणि ते खोटं नव्हतं. बाटली रोज उघडत होती.

काही जण तर खरंच खोटं बोलतात. तपासणीच्या आधी चार दिवस न चुकता थेंब, जसा शाळेत परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास. दाब छान येतो, डॉक्टर खूश, आपण खूश, आणि उरलेले महिने नस झिजत राहते. किंवा उलटं होतं: दाब वाढलेला दिसतो, डॉक्टरला वाटतं औषध पुरत नाही, म्हणून तो आणखी एक बाटली वाढवतो. पहिलीच डोळ्यात जात नसते. डॉक्टरला "माझ्याकडून होत नाही" असं सांगायला लाजू नका. त्यावर उपाय आहेत. बाटली डोळ्यावर टेकवून दाबायची प्लास्टिकची साधनं मिळतात, फार्मसीत विचारा. थेंबांनी डोळे चुरचुरत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब मिळतात. आणि लेसर आहे. त्याला पूर्वी शेवटचा उपाय समजत, पण इंग्लंडमध्ये ७१८ रुग्णांवर चाचणी झाली आणि आधी लेसर घेतलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज नव्हती. २०२२ पासून इथल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही बऱ्याच नव्या रुग्णांना आधी लेसर सुचवा असं आलं आहे. प्रत्येकाला चालतोच असं नाही, पण विचारायला काय जातं?

थेंब कसा घालायचा ते सांगते, नर्स आहे, राहवत नाही. खुर्चीत बसा किंवा सरळ आडवे व्हा. खालची पापणी बोटाने ओढून खिसा करा, एकच थेंब त्यात. मग डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने हलकेच दाबा, एक-दोन मिनिटं. यामुळे औषध नाकातून घशात आणि तिथून रक्तात उतरत नाही. टिमोलॉलचे थेंब असतील आणि तुम्हाला दमा असेल किंवा नाडी मंद असेल, तर ते डॉक्टरला आवर्जून सांगा. डोळ्यातल्या थेंबाने दमा उठलेले पेशंट मी पाहिले आहेत, आणि त्यांना वाटत होतं डोळ्याच्या औषधाचा छातीशी काय संबंध. दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांनी टाकून द्या, डब्यावर तारीख लिहून ठेवा. आणि हात थरथरत असेल तर दुसऱ्या कोणाला तरी घालायला सांगा. आमच्याकडे आता मी घालते. त्यांना ते आवडत नाही. पहिले पंधरा दिवस आमचं त्यावरून रोज भांडण झालं.

आता पत्राबद्दल. आमच्या घरात सगळ्यात मोठं नुकसान त्यानेच केलं.

हॉस्पिटलने सांगितलं होतं, चार महिन्यांनी परत या, पत्र येईल. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. चार महिने झाले, पत्र नाही. पाच झाले. मी म्हटलं, फोन करू या का? हे म्हणाले, "त्यांना कशाला त्रास? तुला माहीत आहे ना केवढी गर्दी असते. गरज असेल तर बोलावतील." आणि मीही गप्प बसले, कारण मी त्याच व्यवस्थेत नोकरी केली, तिथल्या सिस्टर जेवायला बसत नाहीत हे मला ठाऊक. अकराव्या महिन्यात पत्र आलं. बाजूच्या नजरेची तपासणी झाली, ती बटण दाबायची. कागदावर डाव्या डोळ्याचा वरचा अर्धा भाग काळा, उजव्यालाही सुरुवात. डॉक्टर तरुण होती. तिने कागद आमच्याकडे वळवला आणि म्हणाली, सॉरी, हे आधी दिसायला हवं होतं.

हे आमच्याच बाबतीत घडलं असं समजू नका. इंग्लंडमधल्या आरोग्यसेवेतल्या चुकांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेने जानेवारी २०२० मध्ये नेमक्या याच विषयावर अहवाल काढला: काचबिंदूच्या रुग्णांची वेळेवर तपासणी न होणं. त्यात एका ३४ वर्षांच्या बाईची हकिकत आहे. तेरा महिने तपासणी लांबत गेली आणि तिची नजर गेली. ब्रिटनमध्ये दर महिन्याला अंदाजे २२ माणसांची नजर केवळ तपासणीला उशीर झाल्यामुळे गंभीरपणे किंवा कायमची जाते, असा आकडा त्या अहवालात दिला आहे. हे वाचल्यावर मी धोक्याच्या यादीत माझ्या हाताने एक ओळ वाढवली: न आलेलं पत्र. दाब, वय, कॉर्निया यांच्या जोडीला मी ते मोजते, आणि माझ्या मते आपल्या वयाच्या लोकांसाठी ते वरच्या नंबरवर आहे. कारण आपली पिढी तक्रार न करण्यात मोठी झाली. डॉक्टरसमोर उभं राहून बोलायचं, साहेबाला विचारायचं नाही, रांगेत पुढे जायचं नाही. हे संस्कार चांगले, पण नसेचे तंतू संस्कार पाहून थांबत नाहीत.

माझं स्पष्ट मत आहे की पुढची तारीख पेशंटच्या हातात दिल्याशिवाय त्याला दारातून बाहेर पाठवू नये. 'पत्र येईल' हे उत्तर काचबिंदूत चालणारं नाही. पण तशी व्यवस्था होईपर्यंत आपलं आपण करावं. बाहेर पडताना विचारा: किती महिन्यांनी, आणि पत्र आलं नाही तर फोन कोणाला? ते कॅलेंडरवर लिहा. तारखेवर दोन आठवडे उलटले की फोन करा. "मला चार महिन्यांनी बोलावलं होतं, सहा झाले, मला काचबिंदू आहे," एवढं म्हणा. फोन लागत नसेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांच्या सेक्रेटरीला मागा, नाहीतर हॉस्पिटलच्या 'पॅल्स'कडे जा, ते रुग्णांची गाऱ्हाणी ऐकायलाच असतात. इंग्रजीत बोलायला अवघड वाटत असेल तर नातवाला सांगा. हिवाळ्यात भारतात तीन महिने जाणार असाल तर आधी कळवा. न कळवता गैरहजर राहिलात तर काही ठिकाणी यादीतून नावच निघतं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून चिठ्ठी.

काही जण तपासणी मुद्दाम टाळतात, ते गाडीसाठी. इथे दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असेल तर डीव्हीएलएला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, न कळवल्यास १००० पौंडांपर्यंत दंड. मला माहीत आहे, मेडनहेडसारख्या गावात गाडी गेली की अर्धं स्वातंत्र्य गेलं. आमच्या ह्यांनी किल्ली टेबलावर ठेवली त्या दिवशी जेवले नाहीत. पण नजर तपासली म्हणून लायसन्स जात नाही. कळवलेल्यांपैकी बरेच जण तपासणी पास होऊन गाडी चालवत राहतात. लवकर तपासलं असतं तर आमचे हेही त्यांत असते.

भारतात गेल्यावरची आणखी एक गोष्ट. डोळा खाजतो, लाल होतो, आपण नाक्यावरच्या केमिस्टकडे जातो आणि तो एक बाटली देतो. छान आराम पडतो. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. काचबिंदूवाल्यांच्या डोळ्याचा दाब स्टेरॉइडने चढतो, तोही काही न दुखता. पापण्यांजवळ लावायचं मलम, दम्याचा पंप, गोळ्या, सगळ्याबद्दल "यात स्टेरॉइड आहे का, मला काचबिंदू आहे" असं विचारा. दम्याचा पंप मात्र स्वतःहून बंद करू नका, फक्त डोळ्यांच्या डॉक्टरला सांगा. बाटलीवरचं नाव वाचता येत नसेल तर ती न घेणंच बरं.

घरातल्या लहानसहान सवयींचं विचारतात. सकाळी उठल्या-उठल्या तांब्याभर पाणी गटागटा पिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. एका दमात जास्त पाणी प्यायलं की डोळ्याचा दाब थोडा वेळ वाढतो. पाणी प्या, पण घोट-घोट. दारफळणीचा उपास सोडतानाही तेच. आणि त्या दिवशी थेंब चुकवू नका, डोळ्यातला थेंब म्हणजे खाणं-पिणं नव्हे. शंका असेल तर विचारून घ्या, पण आधी विचारा, नंतर नाही. शीर्षासन बंद. चेन्नईला योगासनं करणाऱ्यांवर अभ्यास झाला, त्यात डोकं खाली-पाय वर असताना दाब दुप्पट झालेला दिसला. रक्तदाबाच्या गोळ्या रात्री झोपताना घेत असाल तर डॉक्टरला विचारा, कारण झोपेत रक्तदाब फार उतरला की नसेला रक्त कमी पोचतं. गोळीची वेळ स्वतःच्या मनाने मात्र बदलू नका. डोळा अचानक भयंकर दुखला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली, तर तो दुसऱ्या जातीचा काचबिंदू असू शकतो, तासांचा खेळ आहे, त्याच दिवशी इमर्जन्सीत जा.

आणि आपल्या भावंडांना फोन करा. आई-वडील किंवा भाऊ-बहीण यांना काचबिंदू असेल तर आपला धोका कितीतरी पट वाढतो. इंग्लंडमध्ये अशांची डोळ्यांची तपासणी चाळिशीनंतर मोफत आहे, आणि साठीनंतर तर सगळ्यांचीच. आमच्या ह्यांच्या तीन भावंडांपैकी दोघांना निघाला, एक अश्दोदला, एक पेणला. पेणचा वेळेवर सापडला.

मावसबहिणीला मी सांगितलं आहे, पुढच्या फोनवर कॉर्नियाची जाडी, दाबाचा आकडा आणि पुढची तारीख, तिन्ही वाचून दाखव. तुम्हालाही थेंबांबद्दल, बाटलीबद्दल काही विचारायचं असेल तर मासिकाच्या पत्त्यावर लिहा, मी उत्तर देईन. फक्त चष्म्याचा नंबर कळवून "मला काचबिंदू आहे का" असं विचारू नका. ते मला इथे बसून कळत नाही, आणि नंबरावरून कोणालाच कळत नाही.